कडेची दवंडी

फार पूर्वी शाल्मली नगरात सुवेण नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या दवंडीवाल्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुघोष. वडील थकल्यावर ढोल त्याच्या गळ्यात आला. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या घरी लग्न निघाले, नदीला पाणी चढले, असे सगळे नगराला त्याच्याच तोंडून कळे. त्याचा आवाज मोठा होता, पण स्वभाव मवाळ होता.

नगरात कोणी मरण पावले की सुघोष चौकात उभा राहून ढोलाच्या मधोमध तीन टोले देई आणि सांगे, "अमक्याचा मुलगा अमका आज गेला. खांदा द्यायला या."

पण ज्याने स्वतःचा जीव संपवला असेल त्याची दवंडी वेगळी असे. तेव्हा कातड्यावर टोला द्यायचा नाही. ढोलाच्या लाकडी कडेवर काठी आपटायची. त्याचा कोरडा खटखट आवाज होई. मग सांगायचे, "एक पळपुटा गेला. त्याच्या घरचे पाणी पिऊ नका." नाव सांगायचे नाही. त्या दिवसानंतर ते नाव कोणीही उच्चारायचे नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. त्या घराशी सोयरीक करायची नाही. याला लोक कडेची दवंडी म्हणत.

ही रीत कोणी घातली हे कोणालाच माहीत नव्हते. लोक म्हणत, हिचा धाक असतो म्हणून दुसरे कोणी तसे करायला धजत नाही. सुघोषालाही लहानपणापासून तसेच वाटत आले होते. त्याने स्वतः चार वेळा कड वाजवली होती.

एके दिवशी सकाळी रंगाऱ्यांचा पुढारी काळक त्याच्या दारात आला.

"ढोल घे, सुघोष. आमच्या आळीतला भद्रक. त्याने रात्री स्वतःचा जीव घेतला. ऊन वर यायच्या आत कड वाजव आणि मोकळा हो."

सुघोष जागच्या जागी बसला. महिन्याभरापूर्वी हाच भद्रक त्याच्या ओट्यावर आला होता. निळीत बुडवून बुडवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झालेले होते. इकडचे तिकडचे बोलून जाताना तो म्हणाला होता, "माझी दवंडी द्यायची वेळ आली ना, दादा, तर आवाज जरा मोठा लाव." त्यावर सुघोष हसून म्हणाला होता, "तुझ्या दवंडीला मी उरतोय होय!" भद्रकही हसला होता. मग तो थोडा वेळ उगाच उभा राहिला आणि निघून गेला.

"का उभा राहिला असेल?" सुघोष आता स्वतःशीच म्हणाला.

"कोण?" काळकाने विचारले.

"काही नाही. चला."

पण तो चौकाकडे वळला नाही. तो भद्रकाच्या घराकडे निघाला. अशा घरात दवंडीवाल्याने पाऊल ठेवायचे नसते. काळक मागून ओरडत राहिला.

घाटावर बायका कपडे धूत होत्या. त्यांचे बोलणे सुघोषाच्या कानावर पडले.

"दोन वेळचं पोटभर खात होता. मग काय दुखत होतं त्याला?"

"बायको बोलत असेल काहीतरी. तोंडाची फटकळच आहे ती."

"अगं, हळू बोल. आणि त्या दारावरून जाऊ नकोस, पोटुशी आहेस."

भद्रकाच्या अंगणात कोणी नव्हते. त्याची बायको उत्पला उंबऱ्यावर बसली होती. धाकटा दीर सोणक आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. दवंडीवाल्याला पाहून उत्पलेने तोंडावर पदर घेतला.

"दारातच वाजवायला आलास का? वाजव बाबा, वाजव."

"नाही, वहिनी. विचारायला आलोय. दवंडीत काय सांगू?"

तिला काही कळेना. या नगरात असे कोणी कधी विचारले नव्हते. मग ती एकदम बोलू लागली.

"सांग, की मोरपिशी रंग या नगरात त्याला एकट्यालाच जमत होता. सांग, की वर्षभर त्याला झोप नव्हती. पहाटे उठून बसायचा. म्हणायचा, छातीवर ओला गठ्ठा ठेवल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, वैद्याकडे जाऊ. तर म्हणाला, ताप नाही, खोकला नाही, वैद्याला काय सांगू? लोक हसतील. मी पण म्हटलं, जाईल चार दिवसांनी. पळपुटा नव्हता रे तो. वर्षभर एकटा झुंजत होता."

सुघोषाने त्यांच्या माठातले पाणी मागून घेतले आणि तिच्यासमोर प्यायला. मग तो चौकात गेला.

त्याने ढोलाच्या मधोमध तीन टोले दिले. आवाज पार नदीपलीकडे गेला. लोक चकित होऊन बाहेर आले.

"ऐका हो! मोरपिशी रंग करणारा रंगारी भद्रक आज गेला. त्याला मनाचे दुखणे होते. त्याने ते सांगू पाहिले, पण आपण ऐकले नाही. माझ्या ओट्यावर येऊन तो बोलला आणि मी हसण्यावारी नेले. खांदा द्यायला या. आणि कोणाच्या मनात असेच काही चालले असेल, तर त्याने माझ्या ओट्यावर यावे. मी हसणार नाही."

खांदा द्यायला दोघे आले. सुघोष तिसरा आणि सोणक चौथा. एक म्हातारी आपल्या अंगणातून त्यांना शिव्या देत होती. शेवटी तीही काठी टेकीत मागून आली.

राजा तेव्हा सीमेवर गेला होता. काळकाने पुरोहित आर्यकाकडे तक्रार नेली. आर्यकाने सांगितले की राजा परत आला की सभेत निवाडा होईल. तोवर सुघोष रोज दुपारी ओट्यावर बसू लागला. येणारे-जाणारे टोमणे मारीत.

"काय दादा, आज किती वेडे आले?"

"तू दुसरा," सुघोष म्हणे. "पहिला मी."

दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सोणक आला. ओट्याच्या अगदी टोकाला बसला. म्हणाला, "दवंडी द्यायची होती. आमची बकरी हरवलीय."

त्याच्या घरी बकरी नव्हती, हे सुघोषाला ठाऊक होते.

"कशी होती?"

"पांढरी." सोणक थांबला. "की काळी. आता आठवत नाही."

सुघोष थोडा सरकून त्याच्याजवळ बसला आणि शांतपणे म्हणाला, "सोणक, तुझ्या मनात जीव संपवायचा विचार येतो का?"

शेजारच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. सोणकाने तिकडे मान वळवली.

"येतो," तो म्हणाला. "भद्रकदादा होता तेव्हापासून येतो. आता रोजच येतो. तुम्ही हे कोणाला सांगाल?"

"तुला विचारल्याशिवाय नाही. पण आज तुला एकट्याला घरी जाऊ देणार नाही."

त्या दिवशी सोणक सुघोषाच्या घरी जेवला आणि तिथेच राहिला. त्याच्या संमतीने सुघोषाने उत्पलेला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तिघे मिळून वैद्याकडे गेले. तो लगेच बरा झाला असे नाही. पण त्या दिवसापासून त्याचे ओझे तीन माणसांना माहीत झाले.

पाचव्या दिवशी राजा परतला आणि सभा भरली. आर्यक म्हणाला, "महाराज, कडेची दवंडी म्हणजे या नगराचं कुंपण आहे. ते काढलं तर उद्या घरोघरी हेच होईल. अशा माणसाचा मान केला तर लोकांना मरण सोपं वाटेल."

राजाने सुघोषाकडे पाहिले. "तुला काय सांगायचं आहे?"

"महाराज, मी त्याच्या मरणाचा गौरव केला नाही. तो जगला कसा आणि त्याला दुखत काय होतं, ते सांगितलं. आजवर मी चार वेळा कड वाजवली. त्यातल्या दोन दवंड्या एकाच आळीतल्या, एकाच वर्षातल्या होत्या. धाकाचा उपयोग असता तर दुसरी द्यावी लागली नसती. लोक भ्याले हे खरं. पण ते सांगायला भ्याले."

"तुझ्या ओट्यावर कोणी आलं का?"

"ते मी सांगणार नाही."

सभेत कुजबुज झाली. राजाचा आवाज चढला. "मी विचारतो आहे."

"आपण विचारलं तरी नाही, महाराज. मी आज नाव सांगितलं तर उद्या कोणी येणार नाही."

आर्यक हसला. "कोणी आलंच नसेल, तर बिचारा सांगणार काय!"

सगळी सभा हसली. राजा म्हणाला, "आत्ता इथे कड वाजव आणि आपलं काम सांभाळ. नाहीतर ढोल खाली ठेव आणि संध्याकाळच्या आत नगर सोड."

सुघोषाने गळ्यातला ढोल उतरवला आणि खाली ठेवला. त्याला दुसरे काही काम येत नव्हते आणि घरी थकलेले वडील होते. "हा ढोल नगराचा आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला द्या. कड मी वाजवणार नाही."

तेव्हा रंगाऱ्यांच्या घोळक्यातून सोणक उभा राहिला.

"मी गेलो होतो," तो म्हणाला.

काळकाने त्याचे उपरणे ओढले. "खाली बस! घराची उरलीसुरली अब्रू तरी राहू दे."

"काका, गप्प बसूनच इथवर आलोय," सोणक म्हणाला आणि राजाकडे वळला. "महाराज, मी भद्रकाचा धाकटा भाऊ. त्याच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. अजूनही कधी कधी येतं. मी बकरीचं निमित्त काढून गेलो. यांनी मला सरळ विचारलं, म्हणून मला सांगता आलं."

आता कोणी हसत नव्हते. राजाने विचारले, "या माणसाने त्या दिवशी कड वाजवली असती, तर तू त्याच्याकडे गेला असतास?"

"नाही, महाराज. आठ दिवसांत यांना आमच्याच दाराची दवंडी पुन्हा द्यावी लागली असती."

राजा आसनावरून उतरला, त्याने ढोल स्वतः उचलला आणि सुघोषाच्या गळ्यात घातला. कडेची दवंडी त्या दिवशी बंद झाली. राजाने वैद्यांनाही निरोप पाठवला की तापाने फणफणलेल्या माणसाला जेवढा वेळ देता तेवढाच मन दुखणाऱ्यालाही द्या.

पुढे काही महिन्यांनी एका दुपारी काळक सुघोषाच्या ओट्यावर आला. तो बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "जुनी दवंडी देता येते का?"

"किती जुनी?"

"छत्तीस वर्षं झाली. तुझ्या वडिलांनी कड वाजवली होती. माझी बहीण."

सुघोष चपापला. सगळ्यांत मोठ्याने कड मागणारा हाच माणूस होता. "नाव काय तिचं?" त्याने विचारले.

काळकाने तोंड उघडले, पण शब्द आला नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. "बापाने शपथ घातली होती," तो म्हणाला. "आता जीभच वळत नाही."

"धाकटी होती का?"

"थोरली. मला पाठुंगळी घेऊन नदीवर न्यायची. मी तिचे केस ओढायचो."

"केस ओढताना तिला काय म्हणून हाक मारायचात?"

"चंपाताई," म्हातारा म्हणाला. ते ऐकून तो स्वतःच दचकला. मग ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

सुघोष त्याला बरोबर घेऊन चौकात गेला. त्याने ढोलाच्या मधोमध तीन टोले दिले आणि सांगितले, "ऐका हो! रंगारी काळकाची थोरली बहीण चंपा छत्तीस वर्षांपूर्वी गेली. तिच्या भावाला तिची आठवण येते."

पलीकडच्या घरातून एक म्हातारी काठी टाकून धावत आली. "अगं बाई, चंपी! मी तिच्याबरोबर फुगड्या घातल्यात. ये रे काळका, बस इथे. तुला सांगते."

एवढी कथा सांगून तथागत थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी विहिरीपाशी तुम्ही एका भिक्षूच्या, स्वतःचा जीव घेऊन गेलेल्या भावाविषयी कुजबुजत होता आणि तो येताच गप्प झालात. तो भिक्षू त्या जन्मी सोणक होता. उत्पला आता इथली एक उपासिका आहे. सुवेण राजा आणि आर्यक पुरोहित तुमच्यातच बसले आहेत. काळकही इथेच आहे. त्याचे नाव मी घेत नाही, त्याला ते कळले आहे. दवंडीवाला सुघोष मी होतो."

तेव्हा पुढच्या रांगेतले एक वृद्ध स्थविर उठले. सगळ्यांच्या देखत मागे गेले, त्या भिक्षूशेजारी बसले आणि म्हणाले, "आयुष्मान, तुझ्या भावाबद्दल सांग."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जो गुण जपला, तो करुणा होय.