कातरीनच्या घरी माऊली आली

भाविकहो, वसईच्या खाडीकाठी पाणवली नावाचे एक गाव. सभोवती पानमळे, केळीच्या बागा आणि मधोमध पांढरेशुभ्र चर्च. तिथे त्या काळी गास्पर फादर धर्मगुरू होते. झग्याला ठिगळे, बोलणे लोण्यासारखे मऊ. पण एकदा नाही म्हणाले की नाही! अशा या देवमाणसाची ही कथा मानमोडीच्या साथीतली आहे. तो ताप असा भयंकर, की काल विहिरीवर हसताना पाहिलेले माणूस आज मातीआड होई.

साथ आली ती नेमकी जपमाळेच्या महिन्यात. त्या महिन्यात पवित्र मारियेची मूर्ती पाणवलीत घरोघर फिरे. आज या घरी, उद्या त्या घरी. ज्या घरी माऊली, त्या घरी सारा गाव दाटीवाटीने गुडघे टेकून प्रार्थना करी, एकामागून एक तिच्या पायांचे चुंबन घेई, मग उकडलेले चणे खात माणसे गप्पा मारीत बसत. आणि फादरांनी चर्चमधल्या उपासनेत, भर मिस्सेत सांगून टाकले, "यंदा मूर्ती चर्चमध्येच राहील. संध्याकाळी घंटा झाली की प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्यावर माळ म्हणायची. आजाऱ्याच्या घरी गर्दी नको. जावेच लागले तर नाकातोंडावर फडके घ्या, निघताना हात धुवा."

मुकादम बस्त्याव तिथल्या तिथे उसळला. हा गावातला मोठा असामी, मिशीला पीळ, चर्चच्या पहिल्या बाकावर कायमची बैठक.

"ऐकलंत का? आता देवाच्या आईलाही नियम!" बाहेर आल्यावर तो गरजला. "तिच्या पायाने कधी रोग येतो का रे? फादर मरणाला भ्यालेत, दुसरं काय!"

बिचारे फादर! दिवसभर तापकऱ्यांच्या उशाशी बसून त्यांना अखेरचे तेल लावणारा हा माणूस म्हणे मरणाला भ्याला!

कातरीन मात्र मुकाट्याने घरी गेली. गावाच्या टोकाला राहणारी, पानमळ्यात राबणारी ही विधवा. तिच्या झोपडीत माऊली आजवर कधीच आली नव्हती. यंदा पहिल्यांदाच तिची पाळी लागली होती. तिने हौसेने घर सारवले, भिंतीला चुना काढला, आणि आता हे असे! त्यातच तिची एकुलती लेक इजाबेल तापाने फणफणली. कातरीनचा जीव थाऱ्यावर राहीना. चुलीशी बसे, उठे, लेकीचे कपाळ चाचपे, पुन्हा दारात येऊन चर्चकडे बघे. शेवटी तिने चर्च गाठले आणि फादरांना लांबूनच हात जोडले.

"फादर, एकदाच मूर्ती आणा माझ्याकडे. कुणाला कळू देणार नाही मी. पोरगी हातची जातेय हो माझी!"

फादरांचे डोळे भरून आले. "कातरीन, मूर्ती नाही यायची गो. पण माऊली तुला टाकणार नाही, हा माझा शब्द आहे. तुझ्या घरात आता मानमोडी शिरलीय. कुणी आलं तर आत घेऊ नकोस. खाडीपलीकडे एक माणूस शेवटच्या घटका मोजतोय, त्याला बघून मी तुझ्याकडेच येतो."

फादर होडीत बसले आणि इकडे बस्त्यावला रान मोकळे मिळाले! त्याने मूर्ती उचलली, व्हायोलिनवाला गाठला, पाच-पन्नास माणसे गोळा केली आणि गाणी म्हणत वरात काढली. आज पाळी कुणाची? कातरीनची. चला!

आवाज ऐकून कातरीन बाहेर आली. निळा शेला, हसरा चेहरा. जन्मभर जिची वाट पाहिली ती माऊली तिच्या अंगणाच्या कडेला उभी होती. कातरीनचे पाय पुढे झाले. मग तिची नजर मागच्या गर्दीवर गेली. कडेवर पोरे घेतलेल्या बाया, काठी टेकीत आलेले म्हातारे. तिने मागे वळून दार ओढून घेतले आणि दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"पुढे येऊ नका! आत मानमोडी आहे!"

"अगं करंटे, देवाच्या आईला दारातून हाकलतेस?" बस्त्याव ओरडला. "पाया पड तिच्या आणि बाजूला हो!"

"पडते मुकादम, इथूनच पडते. पण आत नाही सोडायची. शिव्या द्या, हवं तर मारा."

लोक कुजबुजू लागले. कुणी तिला वेडी म्हणाले, कुणी पाखंडी. इतक्यात आतून क्षीण हाक आली.

"आय, पाणी!"

काळजाचे पाणी पाणी झाले हो त्या आईचे! वळावे, तर हा लोंढा मागोमाग घुसणार. न वळावे, तर लेकरू तहानेने तळमळते आहे. पुन्हा हाक आली, आणखी बारीक. कातरीनने दाराला पाठ घट्ट लावली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात काही खाली आले नाहीत. "मारिये, तूच बघ गो तिच्याकडे," ती पुटपुटली. मग हाक येईनाशी झाली.

"गेली पोर!" बस्त्याव म्हणाला. "तुझ्या हट्टापायी गेली!"

त्याच वेळी फादर आले. गर्दी आपोआप फाकली. "सगळे मागे व्हा, रस्त्यावर!" फादर म्हणाले, आणि त्या मऊ आवाजाच्या माणसाचा तो स्वर ऐकून माणसे भराभर मागे सरली. कातरीनने दार लोटले.

इजाबेल उशीला टेकून बसली होती! कपाळावर घामाचे थेंब, ताप उतरलेला, हातात रिकामा पेला.

"आय, ती बाई कुठे गेली?"

"कोण गो बाई?"

"निळ्या लुगड्याची. तिने नाकावर पदर घेतलेला. मला पाणी पाजलं, तोंड पुसलं. म्हणाली, तुझी आय बाहेर माझ्या लेकरांना राखतेय, तोवर मी तिच्या लेकराला राखते. मग हात धुतले आणि गेली."

त्या झोपडीला दार एकच, आणि त्या दाराला तर कातरीनची पाठ लागलेली! मोरीत पाहावे तर फरशी नुकतीच ओली झालेली. फादरांनी क्रुसाची खूण केली. उघड्या दारातून पोरीचा शब्द न् शब्द रस्त्यापर्यंत पोचला होता.

बस्त्यावचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माऊलीला नियम नको म्हणून तो गावभर गरजत होता, ती गपगुमान नियम पाळून गेली होती! त्याने मूर्ती शेजाऱ्याच्या हाती दिली आणि रडत अंगणाकडे धावला.

"कातरीन, तुझे पाय धरू दे मला! फादर, चुकलो मी!"

"तिथूनच, मुकादम," फादर म्हणाले.

आणि पाणवलीच्या मुकादमाने, सगळ्या गावादेखत, रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकून कातरीनच्या उंबऱ्याच्या दिशेने कपाळ जमिनीला लावले.