कोऱ्या माणसांचा डोंगर

एका राज्यात अशी रीत होती, की पाडव्याच्या सकाळी प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने घराच्या दारावरच्या फळीवर लिहायचं. राजाने लिहायचं, राजाच्या माहुताने लिहायचं. कुणाचं अक्षर मोत्याच्या सरीसारखं, कुणाचं शाईत पडून उठलेल्या मुंगीच्या वाटेसारखं. पण लिहायचं ज्याचं त्यानेच. तेवढं केलं की घर त्या माणसाला वर्षभर ओळखत असे.

त्या राज्यात एकदा कोरकेतू नावाचा मांत्रिक आला. त्याच्यासोबत हजार मैना होत्या, चांदीच्या.

"महाराज, या मैना लिहितात," तो म्हणाला. "आपण नुसतं मनात आणा. त्या कागदावर उतरवतील. शुद्ध आणि सुबक."

"मोल काय?"

"काही नाही. तुम्ही जे वापरायचं सोडाल, तेवढं माझं."

राजाला हसू आलं. जे वापरायचंच नाही, ते गेलं तर काय बिघडलं? त्याने मैना ठेवून घेतल्या.

मग काय विचारता! आधी हुकूम मैनांनी लिहिले, मग पत्रं, मग प्रेमपत्रं. पाठशाळेत मुलांनी विचारावं, "गुरुजी, इथे वेलांटी कुठली?" आणि गुरुजींनी खिडकीकडे बघावं, मैना आली का म्हणून. दौती वाळल्या. बोरू चुलीत गेले.

राज्याचे चिटणीस विसाजीपंत, त्यांची मुलगी कालिंदी. पापड मोडला तरी दचकणारी. अकरा वर्षं ती पाठशाळेत होती. तिचा शेवटचा ग्रंथ मैनेने लिहिला आणि त्याबद्दल तिच्या हातात सोन्याचं कडं आलं. ग्रंथात काय आहे हे कुणी विचारेल, या धास्तीने ती चार महिने देवळात गेली नाही.

विसाजीपंत मात्र बोरू सोडत नव्हते. पण त्या पाडव्याला राजासकट शेकडो जणांनी फळीवरचं नाव मैनेकडून लिहून घेतलं, तेव्हा त्यांनीही, कुणाकडे न बघता, मैनेला बोलावलं. फळीवर नाव असं उमटलं की शेजारीपाजारी बघायला आले. मैना मग कालिंदीच्या खांद्यावर बसली. कालिंदी किंचाळली, मैना उडाली, आणि कालिंदीने लाजत लाजत आपलं नाव कसंबसं स्वतःच खरडलं.

पाडव्यापासून चाळिसाव्या दिवशी भालदाराने राजाला राजवाड्याच्या दारातच अडवलं. "आपण कोण? कुणाकडे आलात?"

राजा रागाने कपाळाला आठ्या घालायला गेला. पण आठ्या पडेनात. कपाळ गुळगुळीत होत चाललं होतं.

त्याच दुपारी कालिंदी ताकाचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आली, तर ताटावर कुणी परका माणूस बसलेला.

"आपण कोण?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. नाक होतं, पण नावापुरतं. ओठांची नुसती रेघ. मग तिची नजर त्याच्या बोटावरच्या शाईच्या डागाकडे गेली आणि तांब्या हातातून सुटला.

"बाबा!"

विसाजीपंत उठले आणि चालू लागले. तिने उपरणं धरलं. उपरणं हातात आलं, माणूस गेला. रस्त्यावर तशीच हजार माणसं एकामागोमाग चालली होती, चेहरे कोऱ्या कागदांसारखे होत चाललेले. सगळ्यांत पुढे मुकुट घातलेला एक जण होता.

कुंपणावरून टिटवी ओरडली, "बघत काय बसलीस, भित्रे? सात दिवसांत तुझा बाप पुरता कोरा होईल. मग कोरकेतू आपल्या डोंगरात त्याच्यावर हवं ते लिहील."

"म्हणजे?"

"लिहिलं 'कुत्रा', तर भुंकेल. लिहिलं 'सुरी', तर गळे कापेल. तुझाही."

कालिंदीने घरात पळत येऊन कडी लावली. पण घरात ताटावर भात तसाच होता, आणि तो बघत बसण्याची भीती जास्त मोठी होती. ती निघाली.

सहा दिवस चालून सातव्या दिवशी ती डोंगरापाशी पोचली. कोरकेतू दारातच बसला होता. त्याला सावली नव्हती.

"चिटणिसांची मुलगी? ये," तो म्हणाला. "दारं तीन. दरेक दाराशी एक कागद. दिवस मावळायच्या आत तिन्ही लिहिलेस, तर माझा करार संपला. नाही जमलं, तर तूही माझी. भीती वाटली तर ही मैना आहेच."

पहिल्या दारात आग होती. आगीला लिहून विझायला सांगायचं होतं. कालिंदीने बोरू धरला. बोटांना तो सापासारखा वाटला. तिने भराभरा काहीतरी खरडलं. आगीने वाकून वाचलं. तिला अर्धंच कळलं, म्हणून ती अर्धीच विझली. उरलेल्या अर्धीने कालिंदीची वेणी खाल्ली. हुंदके देत कालिंदीने कागद उलटला आणि पाठीवर एकेक अक्षर दाबून पुन्हा लिहिलं. आगीने वाचलं, मान डोलावली आणि विझली.

दुसऱ्या दारात वाघ होता. तिने पाठशाळेत ऐकलेलं सगळं आठवून लिहिलं, "हे अरण्यभूषण, पराक्रमभास्कर, करुणासागर..."

"छान आहे," वाघ म्हणाला आणि एक पाऊल पुढे आला. "पण हे मी हजार वेळा वाचलंय. यात तू कुठे आहेस?"

"मी?" कालिंदी म्हणाली.

"तू गं. का पोटात गेल्यावर सांगणार आहेस?"

त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. तिने सगळं खोडून खाली लिहिलं, "मला तुमची इतकी भीती वाटते की पाय ओले झालेत. बाबा आत आहेत. मला जाऊ द्या."

वाघाने दोनदा वाचलं आणि बाजूला सरकून बसला.

तिसऱ्या दारामागे दालन होतं, आणि दालनात ती हजार माणसं उभी होती. आता नाकं नव्हती, ओठ नव्हते, बोटांवरचे डागही पुसले गेले होते. कोपऱ्यात कोरकेतू दौतीत शाई ढवळत होता.

"ज्याला न्यायचं, त्याला लिही, तो कसा आहे ते," तो म्हणाला. "घाई कर. ऊन भिंतीवर चढलंय."

कालिंदीने लिहिलं, "माझे बाबा. प्रेमळ, कष्टाळू, सज्जन."

सातशे माणसं पुढे झाली. आवाज नाही, डोळे नाहीत, नुसते पुढे आलेले हात. त्यांनी तिचा पदर धरला, दंड धरले, केस धरले. ती ओरडली, पण ऐकायला तिथे कुणाला कानच नव्हते. मैना तिच्या कानाशी बसून गोड आवाजात म्हणाली, "देतेस का मला? एका दमात लिहिते."

"नको!" कालिंदी म्हणाली आणि गुडघ्यावर कागद घेऊन लिहीत सुटली. "ते भाकरीचा पापुद्रा आधी खातात." निम्मे हात सुटले. "रागावले की मला 'अहो कालिंदीबाई' म्हणतात." आणखी हात सुटले. "शाई वाळावी म्हणून फुंकर घालतात आणि फुंकताना डोळे मिटतात."

तिघे उरले. तिघांनीही तिला धरलेलं. उन्हाची शेवटची पट्टी छताला लागली. कालिंदीला पुढचं वाक्य ठाऊक होतं, फार दिवसांपासून ठाऊक होतं, आणि आग, वाघ सगळ्यांहून तिला त्याचीच भीती वाटत होती. तिने लिहिलं:

"पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा हात थरथरला आणि अक्षर वाकडं गेलं. मी मैत्रिणींसमोर हसले. त्यांनी ते पाहिलं."

दोन माणसं मागे सरली. तिसऱ्याच्या चेहऱ्यावर आधी डोळे आले, मग त्यांत पाणी आलं, मग नाक, मग मिशी.

"अहो कालिंदीबाई," विसाजीपंत म्हणाले, "वेणी कुठे गेली?"

कोरकेतू ओरडत उठला. पण त्याला आजवर कुणी कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे करार संपताच त्याच्यापाशी उरावं असं काहीच उरलं नाही. दौत तेवढी घरंगळत गेली. मैना साध्या काळ्या-पिवळ्या झाल्या आणि किडे वेचायला उडाल्या.

उरलेली नऊशे नव्व्याण्णव माणसं आपोआप बरी झाली नाहीत. त्यांच्या घरच्यांना डोंगरावर यावं लागलं. महिनोन्‌महिने रांग होती. एका सुताराच्या बायकोने कालिंदीचा हात धरला, "तूच दे ना लिहून, बाई. मला नावापलीकडे काही येत नाही." कालिंदीने नाही म्हटलं. मग ती तिच्याशेजारी बसली आणि तिला एकेक अक्षर शिकवलं. तीन दिवसांनी सुतार खोकत खोकत बाहेर आला.

राणीसाहेबांना पिसांनी शिंका येत, म्हणून त्यांनी मैनेला कधी शिवू दिलं नव्हतं. तरी राजाला लिहायला त्यांना पाच दिवस लागले. काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही. राजा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते, आणि राणी कागदाची घडी घालून कमरेला खोचत होती.

"इकडे द्या तो," राजा म्हणाला.

"आधी तुम्ही मला लिहा," राणी म्हणाली.

राजा तिथेच पायरीवर बसला, बोरू मागितला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. त्यांची माणसं त्यांना परत मिळाली, तशी ऐकणाऱ्यांची ऐकणाऱ्यांपाशी राहोत.