येसूआईची वाट

हे समोर दगडांनी भरलेलं दिसतंय ना, ते तळं आहे. तळं होतं, असं म्हणायला हवं. पावसाळ्यात दगडांच्या फटींतून थोडं पाणी वर येतं, त्यावर शेवाळ धरतं आणि दिवाळीच्या सुमाराला ते पुन्हा खाली जातं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आम्हीही त्यात हात घालत नाही. पलीकडे करवंदीच्या जाळ्यांत घरांची जोती दिसतील, एकाला लागून एक. ती मूळ कातळोली. तिथं आता कोणी राहत नाही.

सकाळी तुम्ही वाट चुकलात, त्यात तुमचा दोष नाही. कातळोली नावाची आणखी गावं आहेत. एक आमचं, खाडीकाठचं. दुसरं घाटावर. तिथं सगळी काळी माती, कातळ औषधालाही नाही, तरी नाव कातळोलीच. तिसरं समुद्रापार, मॉरिशसला, उसाच्या मळ्यांमध्ये. आमची टपालं घाटावर जातात, त्यांची इकडे येतात. मागे एकदा सबंध वऱ्हाड चुकून आमच्याकडे उतरलं होतं आणि नवरी घाटावर वाट बघत बसली होती. कचेरीतल्या लोकांनी बरेचदा सांगून पाहिलं, एकाने तरी नाव बदलून घ्या. कोणीच बदललं नाही. का, ते सांगतो. मी घाडी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराकडे आहे, आणि ही गोष्ट सांगायचंही आमच्याकडेच. मी वडिलांकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून.

फार मागे, इंग्रजांचं राज्य नुकतं बसलं होतं तेव्हा, या सड्यावर, या उघड्या कातळाच्या माळावर, नांदतं गाव होतं. गावात येसू नावाची एक सुईण होती. नवरा लवकर गेला. तिने तीन मुलगे वाढवले. थोरला धोंडू, मधला केरू आणि धाकटा लखमा. गावातलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातांत जन्मलेलं, म्हणून लहानथोर सगळे तिला येसूआई म्हणत. बाई फार बोलणारी नव्हती. पण एकदा बोलली की तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, असं सांगतात.

एका वर्षी पावसाळा सरता सरता गावात पटकी शिरली. तेव्हा लोक तिला जरीमरी म्हणत. सगळं गाव या एकाच तळ्याचं पाणी प्यायचं, आणि रोग त्या पाण्यातच होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांनी देवीला कौल लावला, वेशीवर नारळ फोडले, कोंबडं दिलं, आणि घरी येऊन पुन्हा तेच पाणी प्यायले. सकाळी खांदा द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी स्वतः तिरडीवर असायचा. पुढेपुढे खांदा द्यायलाही माणसं उरली नाहीत. येसू मात्र घरोघर जायची. पेज भरवायची, घाण काढायची, गेलेल्यांचे डोळे मिटायची. ज्यांना तिने जगात आणलं होतं त्यांनाच ती पोचवत होती.

शेवटी उरलेल्यांनी गाव सोडायचं ठरवलं. पण जायचं कुठे? जरीमरीच्या गावची माणसं म्हटल्यावर आसपासची गावं काठ्या घेऊन वेशीवर उभी राहत. सगळ्यांनी मिळून कुठे जाणं शक्यच नव्हतं. एकेकट्या माणसाला कोणी कदाचित थारा दिला असता, म्हणून घरं फुटली.

येसूच्या घरातही तेच झालं. धोंडूची बायको पारू घाटावरची. तिच्या माहेराजवळ पडीक रान होतं, धोंडू तिकडे जाणार होता. केरूची खाडीच्या मुखाशी मिठागरावर ओळख होती. लखमाचं लग्न झालेलं नव्हतं. बंदरात उसाच्या बेटावर माणसं नेणारं गलबत लागलंय असं त्याने ऐकलं होतं. तिघांच्या वाटा वेगळ्या. पण आईला सोडून निघायला एकही तयार नव्हता, आणि तिला कोणी न्यायचं यावरून ओसरीवर भांडण जुंपलं.

"नातू माझ्याकडे आहे. आई माझ्याबरोबर येईल," धोंडू म्हणाला.

"घाट चढवून मारणार आहेस का तिला? माझ्याकडे सपाटी आहे," केरू म्हणाला.

 लखमा आईचा पदर धरून बसला होता म्हणे, एवढा वाढलेला पुरुष.

येसूने तिघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी आज येत नाही. आवाठातल्या घरांत चार माणसं अंथरुणाला आहेत. त्यांना टाकून आले तर देवी मला कुठेच पाणी लागू देणार नाही. तुम्ही पुढे व्हा. जिथं थांबाल त्या जागेला आपल्या गावाचं नाव द्या. मला लिहितावाचता येत नाही, पण तोंड आहे. कातळोली कुठे म्हणून विचारत येईन."

"आधी कोणाकडे येशील?" केरूने विचारलं.

"ते माझं मी ठरवीन. आणि एक ऐका. मला न्यायला म्हणून कोणी मागे फिरू नका. मी एका वाटेने निघालेली असेन, तुम्ही दुसरीने याल, आणि चुकामूक होईल. आपापल्या जागी थांबा."

आईने शब्द दिला, मुलांनी पाया पडून तो घेतला आणि ते निघाले. सड्याच्या टोकापर्यंत तिघं एकत्र चालले. तिथून तीन वाटा फुटतात, तुम्ही आलात ती त्यातलीच एक.

थोडं पुढे गेल्यावर पारूला आठवलं की पोराची गोधडी घरीच राहिली. ती कडेवर पोर घेऊन एकटीच मागे आली. पुढचं दार लोटलेलं होतं. ती मागच्या अंगणात गेली, तर येसू भिंतीला धरून उकिडवी बसलेली. अंगणभर उलटी. हातापायांना गोळे आलेले, डोळे आत गेलेले. रोग सकाळपासूनच अंगात होता. मुलांसमोर ती तेवढा वेळ कशी ताठ बसली असेल, देवी जाणे.

पारू ओरडणार, तेवढ्यात येसूने तिच्याकडे बोट केलं. "आवाज करू नकोस. तिथंच थांब, पोराला घेऊन पुढे येऊ नकोस."

"मी यांना बोलावते."

"बोलावलंस तर तिघंही मागे येतील आणि इथंच संपतील. कडेवर आहे त्याच्या गळ्याची शपथ आहे तुला. धोंडूला यातलं काही सांगायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

पारू रडायला लागली. "तुमच्याजवळ कोण राहणार?"

येसूने कोपऱ्यातली घागर दाखवली. म्हणाली, "ती घागर पायाने माझ्याकडे सरकव. आणि जा."

पारूने घागर सरकवली, गोधडी उचलली आणि गेली. इतका वेळ का लागला, असं धोंडूने विचारलं. ती म्हणाली, गोधडी सापडत नव्हती.

धोंडूने घाटावरचं रान साफ केलं, चार कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि त्या जागेला कातळोली म्हणायला लागला. तिकडचे लोक हसले. इथं कातळ कुठाय, म्हणाले. तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तो नाव सांगत राहिला, म्हणजे वाटेत कोणी म्हातारी विचारणारी भेटली तर त्यांना सांगता यावं. रोज काम आटोपलं की तो घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायचा. खालून वर येणारं प्रत्येक लुगडं बघायचा.

केरूनेही तेच केलं. मिठागरापलीकडे त्याने वस्ती केली, आणि रोज तरीवाल्याला विचारायचा, कोणी म्हातारी उतरली का?

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग धोंडूच्या मनात येऊ लागलं की आई केरूकडे गेली. केरू लहानपणापासून तिचा लाडका. ती तिथंच रमली असणार. केरूला वाटलं, नातवासाठी ती घाट चढून धोंडूकडे गेली असणार. आई कोणाकडे तरी आहे, एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्याकडे नाही, याचं दुःख हळूहळू रागात गेलं. दोघांनीही एकमेकांकडे निरोप पाठवला नाही. आधी कोणाकडे येईन ते आईने सांगितलं नाही ते अशासाठीच, असं आमची जुनी माणसं म्हणत. कोणाच्याही मनात तिचं मरण येऊ नये, फक्त रुसवा यावा. रुसव्यात माणूस जगतो.

पारू सगळं बघत होती. नवरा घाटाच्या तोंडावरून परत आला की त्याच्यापुढे भाकरी ठेवायची आणि गप्प बसायची.

पुष्कळ वर्षांनी घाटाखालच्या जत्रेत दोघं भाऊ समोरासमोर आले. केरूने मीठ आणि सुकी मासळी आणली होती, धोंडूने जोंधळा. दोघांचे केस पिकले होते. धोंडूचा राग आधी बाहेर पडला.

"इतक्या वर्षांत एकदा तरी पाठवायची होतीस तिला," तो म्हणाला. "नातवाला मिसरूड फुटलं. त्याला आजीचं तोंडही ठाऊक नाही."

केरू बघतच राहिला. "मी पाठवायची? ती तुझ्याकडे आहे ना?"

 भोवती जत्रा चालू होती. गाडीच्या चाकाला टेकून बसलेल्या पारूने पदर तोंडावर घेतला, आणि मग तिने सगळं सांगितलं. गोधडी, अंगण, शपथ. घागर सरकवली, ते तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

धोंडूने तिच्यावर हात उगारला नाही. नुसतं विचारलं, "पाणी होतं घागरीत?"

"होतं. तळ्याचं."

ते तिघं तिथूनच सड्यावर आले. गावात कोणी नव्हतं. छपरं बसली होती, ओसऱ्यांवर झाडं उगवली होती. मागच्या अंगणात भिंतीपाशी जे उरलं होतं, ते त्यांनी त्याच अंगणात मातीला दिलं. घागर तिने जवळ ओढून आडवी केलेली होती, कोरडी. म्हणजे शेवटी ती पाणी प्यायली, एवढं त्यांना कळलं. जरीमरी तळ्याच्या त्या पाण्यातूनच आली होती, हेही तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मग धोंडूने स्वतःच्या घराची भिंत पाडायला घेतली. एकेक दगड उचलून तो तळ्यात टाकू लागला. केरूने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. पारूही डोक्यावर दगड वाहत होती. घर संपलं तेव्हा शेजारची घरं घेतली. कोणी थांब म्हणालं नाही. सबंध गावाच्या भिंती या तळ्यात आहेत, म्हणून तुम्हांला इथं नुसती जोती दिसतात.

काम झाल्यावर लखमाचा विषय निघाला. गलबतं हाकणाऱ्या एका तांडेलाकडून केरूला त्याची बातमी लागली होती. उसाच्या बेटावर लखमाने बायको केली होती, मुलं झाली होती, आणि मळ्यातल्या झोपड्यांच्या रांगेला तो कातळोली म्हणत होता. इकडून गलबत आलं की रजा मागून धक्क्यावर जायचा आणि उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघत शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभा राहायचा.

"त्याला कळवायला हवं," धोंडू म्हणाला.

केरूने मान हलवली. "आपण दोघं आहोत. आज एकमेकांना धरून रडलो तरी. तिकडे त्याला धरायला कोण आहे? त्याला वाट बघू दे. आपल्या दोघांची आई आज गेली, त्याची तरी असू दे."

 धोंडू हो म्हणाला. मात्र पारूला तो पुढे कधी काही बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. ती घाटाच्या तोंडाशी पाण्याचा माठ घेऊन बसू लागली, आणि तिथंच म्हातारी होऊन गेली. घाटावरच्या कातळोलीत अजून अनोळखी म्हातारी दिसली तर कुठली, कोणाची, हे विचारत नाहीत. आधी बसायला देतात.

आमच्या गावात केरूने वेगळा नेम घालून दिला. समुद्रापलीकडच्या कातळोलीचं कोणी कधी आलं आणि येसूआईचं विचारलं, तर सगळ्या गावाने एकच सांगायचं. तुम्ही तिकडचे नाही, म्हणून मी तुम्हांला हे सगळं सांगतोय.

दोन वर्षांमागे तिकडून एक बाई आल्या होत्या. यमुनाबाई नाव. वयाने माझ्याहून मोठ्या, हातात काठी. मराठी बोलत होत्या, पण फार जुनं, आमच्या पणजोबांच्या वेळचं वाटावं असं. त्यांना मी इथं आणलं नाही. देवळातच बसवलं. गावातल्या बायकांनी ओटी भरली, लखमाच्या वंशाची लेक म्हणून सगळ्या पाया पडल्या. जायच्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "भाऊ, ती इथून कधी निघाली, तेवढं सांगता येईल का?"

देवळात बरीच माणसं होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघू लागली.

मी म्हटलं, "कधीच निघाली, बाय. तुमच्याकडेच निघाली."

बाईंनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "समुद्र मोठा आहे. वेळ लागतो."

आजही तिकडे लग्न निघालं की मांडवात समुद्राच्या बाजूला एक पाट रिकामा ठेवतात, असं त्या सांगून गेल्या. त्यावर कोणाला बसू देत नाहीत. लहान मुलं विचारतात तेव्हा त्यांना सांगतात, आई वाटेत आहे.