पलीकडे यायचं का?

"आणि तरीही हात रिकामे वाटतात, असंच ना?" केशरगीर बुवांनी मध्येच विचारलं.

मिहिर राजोपाध्ये चमकला. आपल्या संग्रहाचं निम्मं वर्णनही त्याने अजून केलं नव्हतं.

बालाघाटाच्या डोंगरात गोसाव्यांचा एक लहानसा मठ आहे. पुण्याहून आलेला हा चाळिशीतला माणूस सकाळपासून मठाच्या ओट्यावर बसून बुवांना आपलं वैभव ऐकवत होता. हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम तो जमवायचा. थेट जपानहून मागवलेले, खोकी न फोडलेले, पडद्यावरचं पातळ प्लॅस्टिकही न सोललेले. काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. त्याच्या घरी देव बिचारे एका फळीवर दाटीवाटीने बसत, पण गेमला मात्र प्रत्येकी स्वतंत्र कप्पा होता.

"खेळतोस कधी?"

"छे. खेळलं की बटणं झिजतात."

"मग करतोस काय त्यांचं?"

"बघतो."

बुवांनी मान हलवली. थोडा वेळ ते त्याच्या मांडीकडे पाहत राहिले.

"ती पिशवी सकाळपासून खाली ठेवली नाहीस. काय आहे तिच्यात?"

मिहिरचा चेहरा उतरला. पिशवीतून त्याने एक मफलर काढला, मफलरच्या घड्यांतून एक गेम. करडा, कोपरा उडालेला, पाठीवर ओरखडे. बाजारात कुणी फुकटही घेतला नसता.

"कुणाचा?"

"...दादाचा."

मग तो घाईघाईने बोलू लागला. आतल्या कॅसेटमध्ये बटणाएवढा एक सेल असतो. खेळ जिथे सोडला ती जागा तो सेल धरून ठेवतो. सेल संपला की जागा पुसली.

"तीसएक वर्षं झाली, बुवा. आता मरायलाच टेकला असेल. नवा घालायचा तर जुना काढावा लागतो, आणि काढला की तेच. दुरुस्तीवाला म्हणतो, आधी नक्कल काढून ठेवू. पण दुसऱ्याच्या हातात द्यायचा धीर होत नाही. तेवढंच विचारायला आलोय. काय करू?"

म्हणजे सकाळपासूनचं सगळं कौतुक नुसती प्रस्तावना होती. माणूस आला होता तो या एका प्रश्नासाठी.

"चालू कर बघू," बुवा म्हणाले.

मिहिरने बटण सरकवलं. बारीक सूर वाजला. फिकट पडद्यावर एक नदी दिसू लागली, तिचं पाणी हलत होतं. काठाला नाव लागली होती. नावेत नावाडी, आणि काठावर नखाएवढा एक टोपीवाला मुलगा उभा.

"हा कोण?"

"दादा... म्हणजे दादाचा गडी. नाव त्याचंच दिलंय. हेरंब."

"थांबलाय कशाला?"

"नावाडी त्याला विचारतोय, पलीकडे यायचं का. हो म्हटलं की नाव सुटते. पलीकडे उतरलं की तिथली जागा आपोआप धरली जाते आणि ही पुसली जाते. कायमची."

"मग हो का नाही म्हटलंस?"

मिहिरने अंगठ्याने पडदा पुसला.

"दादा इथवर आला होता. मी मागे लागलो होतो, पुढे चल, पुढे चल. तेवढ्यात आईने त्याला दूध आणायला पाठवलं. जाताना म्हणाला, मी आलोच. आल्यावर दोघं मिळून पलीकडे जाऊ, तोवर हात लावायचा नाही. सायकल घेऊन गेला..."

त्याने गेम दोन्ही हातांत धरला.

"चौकात ट्रकने उडवलं. संध्याकाळी उचलूनच आणला त्याला."



दादाची आठवण आली नाही असा दिवस मिहिरच्या आयुष्यात उगवला नव्हता. नवं खोकं घरी आलं की क्षणभर त्याला वाटायचं, आता मागून दादा येणार आणि "आण इकडे" म्हणत हिसकावून घेणार. कुणी हिसकावून घेत नसे. मग तो ते जपून कपाटात ठेवी आणि पुढचं शोधायला लागे.

"दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला चालू करतो," तो म्हणाला. "बघतो. बंद करतो. एकदाही पुढे गेलो नाही, बुवा. त्याला दिलेला शब्द पाळलाय मी."

शेवटचं वाक्य बोलताना त्याची मान जराशी ताठ झाली. ती ताठ होण्याचा त्याला हक्कही होता.

बुवांनी ओट्यावर हात टेकला. गुडघे धरून, कण्हत, ते उठले. दोन पावलं चालून ओट्याच्या कडेशी गेले आणि तिथेच समोर बघत उभे राहिले.

मिहिरला वाटलं, कुणी येतंय. कुणी येत नव्हतं.

"बुवा?"



आपलं काही चुकलं का, म्हणून त्याने बोललेलं सगळं मनात पुन्हा उलगडून पाहिलं. उन्हं ओट्यावर चढली. बुवांच्या पिंढऱ्या थरथरू लागल्या, तरी ते ना खाली उतरले, ना मागे फिरले. मिहिरच्या हातात गेम तसाच चालू होता. नदीचं पाणी हलत होतं.

आता बुवांकडे बघवेना. मिहिरने गेम बाजूला ठेवला, स्वतःच्या खाली अंथरलेली घोंगडी उचलली आणि बुवांच्या मागे नेऊन अंथरली.

"बुवा, बसा आता. किती वेळ उभे आहात. पाय भरून आले असतील."

बुवा वळले. त्यांनी घोंगडीकडे पाहिलं, मग बाजूला ठेवलेल्या पडद्यावरच्या त्या टोपीवाल्या मुलाकडे.

"माझं काय घेऊन बसलास लेका," ते म्हणाले, "मी तर आत्ता उभा राहिलोय."