बशीखालची चिठ्ठी

“पण बाई, यात चूक कुठे आहे, ते तरी सांगा.”

सुयोग हे तिसऱ्यांदा विचारत होता, दर वेळी जरा मोठ्याने.

बोडसबाईंनी उभी हयात कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी चालणारा कोड लिहिण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याला येऊन राहिल्या आणि घरीच मुलांना प्रोग्रामिंग शिकवू लागल्या. सुयोग त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला अंमळ जास्तच ठाऊक होतं. तरी तीन वर्षं तो बाईंच्या तोंडून एकच शब्द ऐकायला तळमळत होता. छान.

या खेपेला त्याने रँडम नंबर, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही असे आकडे, देणारी लायब्ररी लिहून आणली होती. दुसऱ्यांचे प्रोग्राम तिच्याकडे आकडा मागणार, आणि कुणाला ओळखता येऊ नयेत असे पासवर्ड त्यातून तयार करणार. मागायच्या तऱ्हा चौदा. फंक्शनंही चौदा.

“आणि कॉम्प्युटरकडून लायब्ररीलाच आकडा मिळाला नाही तर?” बाईंनी विचारलं.

“शून्य देतो. सोबत, आकडा मिळाला नाही हे कळावं म्हणून एरर कोड देतो. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय.”

बाई आत गेल्या. कपबशी आणून त्याच्यापुढे ठेवली.

“चहा घे.”

सुयोगची नजर स्क्रीनवरच. बोलता बोलता त्याने कप तोंडाला लावला...

“बाई, यात काहीच नाही.”

“बशी उचल.”

खाली चिठ्ठी होती. ‘चहापूड संपली आहे.’

“अहो, मग तसं सांगायचं ना.”

“लिहिलंय की स्पष्ट.”

सुयोगचा चेहरा खर्रकन उतरला. जेवायला थांब म्हटलं तरी थांबला नाही.

पंधरा दिवसांनी आला तेव्हा चौदांतलं एकच फंक्शन उरलं होतं.

“हे आकडा येईपर्यंत थांबतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “येणारच नसेल, तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करतं. शून्यासारखा खोटा आकडा मात्र कुणाच्या हाती पडू देत नाही.”

बाईंनी ओळ न् ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

सुयोगला राहवेना.

“बाई... छान झालंय ना? एकदा म्हणा. खोटं खोटं म्हणा हवं तर.”

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसत राहिल्या. ओठ हलले, पण शब्द फुटेना...

“थांब,” त्या म्हणाल्या. “येतोय.”