चिठ्ठीत नसलेला माणूस

जत्रेचं मैदान वीस दिवसांवर आलं असताना एका तालमीत एक नामांकित पैलवान चिठ्ठी घेऊन आला. बरोबर गावातले शेठ होते. तालमीचं दूध त्यांच्याच गोठ्यातून येई. चिठ्ठी पैलवानाच्या जुन्या तालमीची होती. तीत लिहिलं होतं, 'स्वखुशीने सोडून जात आहे. आखाड्यातील वर्तन उत्तम.'

तालमीचा थोरला पठ्ठा तेव्हा माती उकरत होता. दिवसा शहरात कॉलेज आणि सकाळ-संध्याकाळ तालीम करणारा हा पोरगा. त्याचा हात जागीच थांबला. या पैलवानाने शहरातल्या खानावळीत काय केलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. मटण दुसऱ्यांदा वाढायला उशीर झाला, म्हणून त्याने वाढप्याचा हात पिरगळून मोडला होता. जुन्या तालमीने बोभाटा नको म्हणून त्याला गुपचूप वाटेला लावलं, आणि वर ही चिठ्ठी!

"वस्ताद, ह्याला घेऊ नका," तो भडकून म्हणाला. "गरीब वाढप्याचा हात मोडून आलाय हा."

शेठ हसले. "आखाड्याबाहेरची गोष्ट आहे ती. तुमच्या नियमांत आखाड्याबाहेरची एक तरी ओळ दाखव मला. आणि जत्रेत मोठ्या जोडीला, शेवटच्या मानाच्या कुस्तीला, ह्याच्याऐवजी तू उतरणार का रे? दोन मिनिटं तरी टिकशील?"

पठ्ठ्याचे कान तापले. शेठ खोटं बोलत नव्हते, हेच त्याला जास्त झोंबलं.

म्हाताऱ्या वस्तादांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घातली. "किती कुस्त्या मारल्यास?" त्यांनी पैलवानाला विचारलं.

"एक्केचाळीस. सगळ्या निकाली." आणि त्याने एकेकाचं नाव, गाव सांगायला सुरुवात केली, कुणाला ढाकेच्या डावावर मारलं, कुणाला घिश्शावर, एकही चुकला नाही.

"शाबास. आणि त्या वाढप्याचं नाव काय?"

"कुणाचं?"

"ज्याचा हात मोडलास त्याचं."

"त्येचं नाव कशाला इचारू मी? वाढपी हुता."

वस्तादांनी चिठ्ठी बाजूला सारली. मग पठ्ठ्याला म्हणाले, "ह्याची वळकटी आत नेऊन ठेव. आजपासून ह्याचा खुराक आपल्याबरोबर. सकाळी जोर-बैठकांना ह्याला आपल्यातच घ्या." एवढं बोलून त्यांनी जत्रेची यादी पुढे ओढली आणि मोठ्या जोडीसमोर थोरल्या पठ्ठ्याचं नाव लिहिलं.

शेठ ताडकन उठले. "वस्ताद, उद्यापासून दूध येणार नाही!"

"नका पाठवू. पेज पिऊन जोर काढू आम्ही."

शेठ निघून गेले, पैलवान आत दाराशीच जाऊन बसला. पठ्ठा मात्र धुमसतच होता. "मला हे पटत नाही, वस्ताद. गुन्हेगार असेल तर हाकला. नसेल तर उतरवा मैदानात. हे अर्धं अर्धं काय?"

वस्ताद म्हणाले, "हाकलला असता, तर उद्या तो तिसऱ्या तालमीच्या दारात अशीच चिठ्ठी घेऊन उभा राहिला असता. दर दारात नवा कोरा! म्हणून ठेवला. जेवण आणि शिकणं कुणाचंही तोडू नये. पण मैदानात पैलवान एकटा उतरत नाही, सगळी तालीम त्याच्याबरोबर उतरते. तो मान आहे, आणि मान मागून मिळत नाही. एक्केचाळीस नावं पाठ असलेल्याला ते एक नाव माहीत नाही, कारण त्याच्या लेखी तो माणूसच नव्हता. शिक्षा म्हणून त्याला वर्षभर नुसता बसवून काय होणार? वर्ष तर दगडावरूनही जातं. आधी त्याने त्या माणसासमोर जाऊन उभं राहावं."

"आणि त्या माणसाने माफ केलं नाही तर?"

"नाही तर नाही. त्याच्या वतीने माफ करणारे आपण कोण?"

पठ्ठ्याने यादीतलं आपलं नाव पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मी हरणार, वस्ताद."

"हरशील," वस्ताद म्हणाले. "चालेल तुला?"

पठ्ठ्याने माती उकरायचं खोरं पुन्हा उचललं. "चालेल."

आठव्या दिवशी पैलवान कुणाला न सांगता एसटीने शहरात गेला. संध्याकाळी परतला तेव्हा पठ्ठ्याने नुसतं पाहिलं. "दार उघडलं न्हाई त्येनं," पैलवान खाली मान घालून म्हणाला. "पुन्यांदा जातो."

जत्रेत पठ्ठ्याची पाठ सातव्या मिनिटाला मातीला लागली. शेठ पहिल्या रांगेत बसून मोठ्याने हसत होते. निवेदकाने विजयी पैलवानाच्या वस्तादांचं नाव पुकारलं. हरलेल्याला ते कुणी विचारत नाही. पठ्ठा उठला, त्याने अंगावरची माती तशीच राहू दिली, खणखणीत शड्डू ठोकला आणि न विचारताच साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या वस्तादांचं नाव सांगितलं. हरल्याची लाज शोधूनही त्याला आत कुठे सापडली नाही.

तालमीचं तेच कॉलेजातही होतं: कॉलेज बदलून आलेल्या खेळाडूचा अर्ज तपासताना आपण क्रीडा समितीतले लोक तारखा पाहतो, शिक्के पाहतो. ज्याला इजा झाली त्याच्या नावाचा रकानाही एकदा त्या अर्जात आखा, आणि मगच मैदानाचं फाटक उघडा.