डुलणारा टर्बो

माणिकशेठांच्या दुकानात नव्या टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, पाती बोटाने फिरवताना आतला दांडा किंचित डुलला आणि मृणाल दचकली. तशी ती हॉर्न वाजला तरी दचकायची. पण बॉल बेअरिंगवाल्याचा दांडा असा डुलत नाही, हे तिने वाचलं होतं. दादांच्या ट्रकचा जुना टर्बो भरल्या गाडीनिशी ऐन घाटात गेला होता. पुन्हा तसं व्हायला नको होतं.

"शेठ, हा साध्या बुशचा वाटतो, आत छर्रे नसलेला. बॉल बेअरिंगवाला दाखवता का?" तिने चाचरत विचारलं.

माणिकशेठांनी चष्म्यावरून पाहिलं. "कॉलेजात शिकवतात होय हे? पोरी, तीस वर्षं टर्बो विकतोय. डुलणं हीच नव्या मालाची खूण."

दुकानातले ड्रायव्हर हसले. मृणालचे कान तापले. तिने पायाशी ठेवलेल्या गोणीतून जुना, काजळलेला टर्बो काढून काउंटरवर ठेवला आणि दांडा हलवला. तो खडखडत डुलला.

"मग शेठ, आमचा तर तुमच्याहून नवा निघाला. हाच परत बसवते. फक्त नवा आहे, असं तुमच्या शिक्क्यानिशी लिहून द्या."

आता ड्रायव्हर शेठांकडे बघून हसत होते. एकाने तर स्वतःसाठी बांधून घेतलेला टर्बोचा खोका दांडा तपासायला उघडायला घेतला.

"बस कर गं बाई," शेठ घाईघाईने उठले. "बॉल बेअरिंगवाला आणतो आतून. हवा तेवढा हलवून बघ."